नऊ दिवस

त्रिएस्तेच्या बंदरात, कॉफीच्या गोदामावरच्या मजल्यावर
नेवेंका कोशुता एकतीस वर्षं
एका पडद्यावरचे आकडे दुसऱ्या पडद्यावर नेत होती.
बंदराची प्रणाली जकातीशी बोलायची नाही,
जकात हिशेबखात्याशी,
आणि हिशेबखातं तर कुणाशीच नाही.
मधे ही.
चष्मा कपाळावर, हाताशी गार झालेला कप,
गोणी, लॉट, ओलावा, टक्के,
अबोला धरलेल्या सासू-सुनांमधे निरोप न्यावेत
तशी, चार शब्द गाळून.

मी गेलो मॉडेल बसवायला.
बोरा वारा सुटला होता, टोपी सांभाळू की लॅपटॉप.
तिच्या अकरा वर्षांच्या नोंदी
त्यानं तीन रात्रींत वाचल्या
आणि तिन्ही प्रणालींची दारं स्वतःच ठोठावू लागलं.
चौथ्या दिवशी चार तासांचं काम चार मिनिटांत.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.
"लॉट चारशे सतराचा ओलावा बघ," ती म्हणाली,
"बरोबर भरलाय मेल्यानं."

पाचव्या दिवशी ते अडलं.
पिवळी चौकट:
ग्राहक ब्रेझिगार, गोरित्सिया.
थकबाकीचं स्मरणपत्र नऊ दिवस उशिरा.
एकशे सव्वीस वेळा.
नियम सापडला नाही. कारण लिहा.

इथे पाणी मुरतंय, मला वाटलं.
दाप्रेत्तो साहेबही खुर्ची सोडून वाकले.

नेवेंकानं चष्मा खाली घेतला.
"दोन भट्ट्या त्याच्या. एक बंद.
रुग्णालयाचं कॅन्टीन त्याला पैसे देतं नऊ तारखेला.
एक तारखेला पत्र गेलं तर आठ रात्री जागतो.
दहाला गेलं तर
पत्राच्या आधी पैसेच येतात.
गोदामाचं काय जातं?"

खाली फोर्कलिफ्ट मागे येताना वाजत राहिली.

चौकटीत चाळीस अक्षरांची जागा.
तिनं एका बोटानं टंकलं:
जुनी पद्धत. चालू ठेवा.

तिला निवृत्त होऊन दोन हिवाळे झाले.
परवा दुरून नोंदी चाळत होतो.
ब्रेझिगारचं पत्र अजून दहा तारखेलाच निघतं.
आणि गेल्या मार्चपासून
आणखी तीन ग्राहकांचं.
कारणाच्या रकान्यात: जुनी पद्धत.
मी लिहिलेलं नाही. साहेबांनीही नाही.

चूक म्हणून कळवायला हवं.
बघू.
दहा तारीख तर होऊ दे.