आडनावाचा रकाना

पोनोरोगोच्या बाजारात, सायकल-दुरुस्तीला लागून
माझं तिकिटांचं दुकान: एक टेबल, एक पंखा
आणि एक संगणक, जो आडनावाशिवाय पुढे सरकत नाही.

पारमिन गुरुवारी आला. चपला बाहेर काढल्या,
जसा काही दवाखान्यात आलाय.
सोबत आठ वर्षांची मुलगी, गणवेशात, पुढचा दात पडलेला.
"हाँगकाँग. दोघांचं. जायचं-यायचं."
पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीतून निघाले,
पिशवी घडी होऊन परत खिशात गेली.

बापाचं नाव पारमिन. तेवढंच.
लेकीचं नाव वेनिंग. तेवढंच.
आमच्याकडे पुष्कळांचं असंच असतं,
आडनावावाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही.
पण रकान्याभोवती लाल रेघ उमटते
आणि तिथून हलत नाही.

म्हटलं, नियम असा आहे,
एकच नाव असेल तर तेच पुन्हा लिहायचं, दोन्हीकडे,
पासपोर्टबरहुकूम.
एक अक्षर चुकलं तर विमान जातं, माणूस राहतो.

पारमिन खूप वेळ गप्प.
मग म्हणाला, "हिचं नाव लांब होतं आधी.
रारास सेकार वेनिंगत्यास.
रुमियातीनं ठेवलेलं, पोटुशी असताना वहीत गिरवून गिरवून.
ती कामाला तिकडे गेली, आणि तिसऱ्या दिवसापासून हिला ताप.
गावातले म्हातारे म्हणाले, नाव जड झालंय, पोरीला पेलत नाही.
मग भात शिजवला, चार घरं बोलावली,
पुढचं काढलं, मागचं काढलं, कागदांवरूनसुद्धा.
ताप उतरला हळूहळू.
आणि आता तुम्ही म्हणता, दुप्पट करा?"

विमान कंपनीच्या नियमांत याला उत्तर नव्हतं.
त्यात वीस किलोंचं लिहिलंय, कात्रीचं लिहिलंय,
ड्युरियन आणू नये असं लिहिलंय,
दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, त्याला खुर्ची नाही, हेही.
तेवढं मात्र मी मोठ्यानं वाचायला नको होतं.
रुमियाती गेली तेव्हा पोर
एक वर्ष अकरा महिन्यांची होती.
मांडीचा एक महिना शिल्लक होता.

वेनिंगचं लक्ष पडद्यावर.
"ही दुसरी वेनिंग कोण?"
आडनाव, मी म्हटलं.
"ती कुठे बसणार?"
"खिडकीपाशी," पारमिन म्हणाला.
"नाही हं, खिडकीपाशी मी."

मग तिनं आम्हाला शाळेतलं व्याकरण ऐकवलं:
आनाक म्हणजे मूल, आनाक-आनाक म्हणजे मुलं,
शब्द दोनदा म्हटला की तो पुष्कळ होतो.
"म्हणजे आईला वाटेल, आम्ही खूप जणी येतोय."

तिकडे पारमिनचा पारमिन पारमिन झाला होता,
त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मी बटण लगेच दाबलं नाही.
त्यानं लेकीच्या कपाळावर तळहात ठेवला,
थोडा वेळ तसाच राहू दिला.
"दाबा," म्हणाला.

तीन आठवड्यांनी बिस्किटांचा डबा घेऊन आला.
सुराबायाच्या विमानतळावर दोघं पाण्याच्या नळाशी होते,
आणि वरून कर्ण्यातून आलं, वेनिंग वेनिंग.
पोर बाटली तिथेच टाकून पळत सुटली.
खेळणाऱ्या मुलाला तिन्हीसांजेला अशीच हाक मारतात ना,
एकदा कानांसाठी, एकदा पायांसाठी.

"आणि तिकडे?"
तिकडे रविवार. व्हिक्टोरिया पार्क,
पुठ्ठे पसरून बसलेल्या आपल्याकडच्या शेकडो बाया,
कोण कुणाची ओळखू येईना.
रुमियातीनं लांबूनच हाक मारली,
सगळी, जुनी, लांबलचक. रारास सेकार वेनिंगत्यास.
"कधी ऐकलेलं नाव नव्हे हो हिनं. तरी ओ दिली."

मी डबा उघडला. एक बिस्किट त्याला दिलं.
"ताप वगैरे?"
"छे. जराशी सर्दी.
विमानात फार गार असतं."