चढले, उतरले

एकतीस वर्षं मी माणसं मोजली.
बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, रात्रीची मुक्कामाची गाडी.
स्टेज आला की वेबिल भरायचं:
चढले इतके, उतरले इतके, उभे इतके.
आता खानापुराखाली बंधाऱ्यावर
गुडघ्यावर टॉवेल टाकून
मासे मोजतो.

रेणुका घाडी म्हणाली, काका, तुमच्याशिवाय कोण?
पोरगी बीएस्सीला. हाताखाली आम्ही सहाजण,
एक छापील तक्ता, चार बॅटऱ्या,
सोनाराकडून मागून आणलेला तराजू.
चढणीचे मासे मोजायचे, म्हणाली,
आणि त्या एका शब्दानं
माझ्या डोक्यातली घंटी वाजली.

चढण.
मुनवळ्ळीच्या फुगवट्यातनं निघायचं,
एम. के. हुबळी, पारिश्वाड, खानापूर,
हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी दम खायचा,
वर कुठंतरी गोट्यांत अंडी सोडायची
आणि रिकाम्या पोटानं परत.
शेवटचे दोन स्टॉप तर माझेच.

तक्त्यात नावाला तीन रकाने.
खडस, आम्ही लिहिलं.
फकिराप्पा अंबिगेरनं कन्नडातलं नाव सांगितलं,
मग त्याच माशाचं लहानपणचं वेगळं,
अंड्यावर आलेल्या मादीचं आणखी वेगळं.
रकाना पुरेना.
तिसऱ्यातलं लॅटिन कुणाच्याच जिभेवर बसेना.

पहिली रात्र, शून्य.
दुसरी रात्र, शून्य, शिवाय मोनाप्पाची चप्पल वाहून गेली.
वेबिलात शून्यसुद्धा लिहावं लागतं,
नाहीतर चेकर म्हणतो, पैसे खाल्लेस.
लिहिलं. खाली सही केली.

तिसऱ्या रात्री भिंतीवर
काहीतरी रुपेरी आदळलं,
पडलं, पुन्हा आदळलं,
पहिली पायरी उंच असलेल्या गाडीत
चढू बघणाऱ्या म्हातारीसारखं.
कुणी बोललं नाही.
रेणुकानं लिहिलं: प्रयत्न, अकरा.
मग खोडलं.
प्रयत्नाला तक्त्यात जागा नव्हती.

चौथ्या दिवशी उजाडताना
म्हातारा पाऊस रिपरिपत होता.
फकिराप्पा म्हणाला, आपण चुकीच्या स्टँडवर बसलोय की हो,
आणि आम्हाला चोपड्यांच्या भातात घेऊन गेला.
बंधाऱ्याला वळसा घालून एक पाट,
म्हशींनी तुडवलेला, घोट्याएवढा,
त्यात पाठी उघड्या टाकून
मासे चिखलातनं वर सरकत होते.
आडवाटेनं.
तिकीट चुकवणारे असेच जातात.

पाटाच्या तोंडाशी दोन पोरं,
बांबूची बुट्टी लावून.
रेणुका चिखलात बसली,
एकेक मासा मागून घेतला,
लांबी घेतली, वजन केलं,
आणि पोरांना परत दिला.
मी तिच्याकडं बघितलं.
त्यांच्या घरी आज कालवण आहे, काका,
आपण मोजायला आलोय.

चढले, एकोणीस.
उतरले, बुट्टीत, सतरा.
एक हातातनं सटकला आणि भातात गेला.
उरली एक मादी, पोट टम्म.
थोरल्यानं तिच्याकडं बघितलं,
मग धाकट्याकडं,
मग म्हणाला, हिला न्या.

बादली मी घेतली. बंधाऱ्याच्या वर फर्लांगभर
ती पत्र्याला धडका देत राहिली,
माझ्या मनगटापर्यंत पोचत होत्या.
हातानं चढवलेला मासा धरायचा नसतो,
रेणुका मागून म्हणाली, तसा नियम आहे.
असू दे.
नोकरीत मी कधी कुणाला फुकट नेलं नाही,
सख्ख्या मेव्हण्याचंही तिकीट फाडलं,
तो अजून बोलत नाही.

बादली कलती करताना
सवयीनं तोंडातनं निघालं,
पुढं सरका, पुढं जागा आहे.

आहे का, मला काय ठाऊक.
हब्बनहट्टीच्या वर
यंदा मी गेलेलोच नाही.