तपकिरी

कुकरची शिट्टी होते
मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, लॅबमध्ये.
आत डाळ नाही. काचपट्ट्या आहेत,
आणि काचेवर केसाहून पातळ
ब्लॉक नंबर दोनशे चौदा:
सुगंधा खाडे, वय सत्तेचाळीस, कवठे एकंद.
पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, आठ महिने.
आठ महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शोधायचं आहे एक विकर.
पहिल्या दिवशी वहीत मी ‘विकार’ लिहिलं,
धोत्रे मॅडमनी लाल पेनानं काना खोडला.
एवढ्याच फरकाचा, म्हणाल्या, आपल्याला पगार मिळतो.

विकर म्हणजे पेशीतलं कामाचं माणूस.
तोडतं, जोडतं, काम संपलं की गप्प बसतं.
एखाद्याला मात्र थांबायचं कळत नाही,
ते रोज थोडा बांध कोरतं
आणि शेजारच्या रानात शिरतं.

उघड्यावर ते दिसत नाही.
त्याला पकडायला दुसरं विकर लागतं,
कुठल्याशा परदेशी मुळातून काढलेलं.
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
मग निळ्या केंद्रकांच्या गर्दीत
तपकिरी उगवतं.

शून्य, एक, दोन, तीन. मी गुण देते.
शाळेत तीनला नापास करायचे.
इथं तीन म्हणजे
पाच वर्षांच्या आलेखातली रेघ
लवकर खाली उतरते.

दुपारी ती खिडकीशी आली.
पदराला गंधकाचा वास.
“बेदाणा निवडती मी, तासगावच्या शेडवर.
हिरवा हिकडं, पिवळा तिकडं,
तपकिरी शेवटच्या डब्यात. वीस वर्सं.
रंगाला माझी नजर चुकत न्हाई.
दावा की. माझाच हाय न्हवं त्यो तुकडा?”

नियमात बसत नव्हतं.
मी स्टूल खाली घेतलं.
एक डोळा मिटून तिनं पाहिलं, खूप वेळ.
मांडीवर बोटं आपोआप चालत होती,
काड्या, फोलपट बाजूला सारत.

“दाट हाय,” ती म्हणाली.
मग, मलाच समजावल्यासारखं,
“तपकिरी गोड असतोय बाई. भाव येत न्हाई, एवढंच.”

मी सांगितलं, हे संशोधनाचं आहे,
यावर औषध ठरत नाही,
आलेख दोनशे बायकांचा असतो,
एकीचा नसतो.
“बरंय की,” ती उठली,
“मग माझा अजून काढला न्हाई कुणी.”
चारला तिचा लाईट घ्यायचा नंबर होता.

संध्याकाळी रकान्यात तीन लिहिलं.
अक्षर नेहमीसारखंच आलं.
नाव झाकून गुण द्यायचे असतात,
दोनशे पंधराच्या नावावर आधीच चिकटपट्टी लावली.

सूक्ष्मदर्शकाशी बसले तर भिंग वर राहिलं.
स्टूल अजून तिच्याच उंचीला होतं.
वाकून, मान ताणून, तसंच पाहिलं.