नऊ ठिपके

रुवीत, घड्याळाच्या चौकामागच्या गल्लीत,
लाँड्री आणि चहावाल्याच्या मधे
सहा फूट रुंद आमचं दुकान.
काचेवर चार भाषांत लिहिलंय: मोबाइल दुरुस्ती.
मराठीत नाही. मराठी इथे लागत नाही,
मनातल्या मनात हिशेब करायला सोडून.

गिऱ्हाईक फोन ठेवतं, मी वही ओढतो.
नाव, मॉडेल, काय बिघडलं,
शेवटच्या रकान्यात पासवर्ड.
तो सांगताना माणसं आवाज उतरवतात,
डॉक्टरला नको तिथलं दुखणं सांगावं तसा,
आणि सांगून टाकतात.

कोट्टायमच्या ड्रायव्हरची मुलीच्या जन्माची तारीख;
मुलगी त्याने अजून हातात घेतलेली नाही.
सिल्हेटच्या गवंड्याची, तो इथे उतरला ती.
त्सेहाय एका बंगल्यात कामाला आहे.
तिने लिहून दिलं: १२३४५६.
म्हटलं, बाई, हा तर कुणीही उघडेल.
म्हणाली, मॅडम रोज उघडते,
तिला सोपा हवा.

काहीजण आकडे सांगत नाहीत, काढून दाखवतात.
नऊ ठिपके, मधून एक रेघ.
माझी बहीण दारापुढे घालायची तशी,
तीन ते तीन, फक्त बोट न उचलता.
तिची सगळ्यांनी बघावी म्हणून असे.
मी वहीत ठिपके देतो, रेघ ओढतो,
सुरुवात कुठून, तिथे बाण करतो.
पानंच्या पानं भरलीत रांगोळ्यांनी.

काच बदलली की तपासावं लागतं:
स्पर्श, आवाज, कॅमेरा.
कॅमेरा उघडला की कोपऱ्यात
शेवटचा फोटो असतो, नखाएवढा.
मी नखाएवढंच बघतो.
खोटं कशाला बोलू, कधी नखापेक्षा जास्त.
एक्स-रे. व्हिसाचा कागद.
व्हिडिओ कॉलवरून टिपलेली कुणाच्या तरी आईची तिरडी.
आणि काही बायकांनी नवऱ्यांना पाठवलेलं,
जे मी पाहिलंच नाही, असं
नवऱ्याला सुट्टे परत करताना मी ठरवतो.

लोक म्हणतात, फोनला सगळं कळतं.
फोनला काय कळणार. तो साठवतो.
दूरच्या कुठल्या कंपनीला घाबरतात,
मला घाबरत नाहीत;
मी समोर स्टुलावर बसलेला,
हातात स्क्रूड्रायव्हर, चष्म्याला दोरी.

गेल्या गुरुवारी तलाल नावाच्या पोराचा फोन आला.
लेन्सला तडा. बदलली. नवी लेन्स कशी काढते
ते जुन्या फोटोशी ताडून बघावं म्हणून उघडला:
मत्र्याचा कॉर्निश, त्याचे मित्र, पाठीमागे होड्या,
आणि होड्यांच्या अलीकडे, कठड्यावर, मी.

शुक्रवार असणार. मांडीवर डबा उघडा.
पाण्याच्या बाटलीला टेकवलेला माझा फोन.
दोन बोटांनी मोठं करून पाहिलं:
कॉल संपलाय, पडदा काळा आहे,
आणि मी अजून त्याच्याकडेच बघतोय.
हातातला घास हातातच.

घरी पाठवतो त्या फोटोंत
मी नेहमी कुणाच्या तरी गाडीला टेकलेला असतो.

स्वतःला पाठवून घ्यावा, किंवा खोडावा.
दोन्ही एका बोटाचं काम.
फोटो त्याचा. चेहरा माझा.
बोट काचेवर धरून बसलो,
तोवर पडदा आपोआप विझला
आणि त्यात परत मीच.

पोरगा आला. साडेतीन रियाल झाले होते,
तीन म्हटलं.
क्यों? म्हणाला.
ऐसेच.
त्याने फोन खिशात टाकला, रस्ता ओलांडला,
त्याच्याबरोबर मीही, डब्यासकट.

महिनाअखेरीला शटर अर्धं ओढून
वहीची पानं फाडून बादलीत बुडवतो.
अरबाबला वाटतं, फडकी धुतोय.
ठिपके सुटतात, रेघा सुटतात, पाणी निळं होतं.
मोरीत ओतताना मान वळवून बघतो,
कुणी बघत नाही ना.
त्सेहायचे सहा आकडे तेवढे जात नाहीत.
ते मला पहिलीपासून येतात.