वास : होय / नाही

थोरल्या दवाखान्यात रात्रपाळीचा ड्रेसर मी,
सतरा वर्षं.
टाके डॉक्टर घालतात, रक्त मी पुसतो,
आणि पुसता पुसता नाक आपलं काम करत असतं.

गेल्या महिन्यात एक वही आली,
तिच्यामागून खिद्रापुरे मॅडम, इचलकरंजीच्या,
चष्मा नाकापेक्षा मोठा.
'शिदूमामा, जखम घेऊन येईल त्याला एवढंच विचारायचं :
कधी लागलं, कसं लागलं,
आणि आधीच्या सहा तासांत घेतली होती का.
शेवटच्या रकान्यात वास. होय किंवा नाही.'
मी म्हटलं, मॅडम, काहीजणांना उलटं विचारावं लागेल,
सहा तास कधी न घेता गेले होते का.
त्या हसल्या नाहीत.
दोऱ्यानं वहीला बांधलेलं पेन तेवढं पुढं केलं.

तर, सगळे पडतात.
जिन्यावरनं, गाडीवरनं, रंकाळ्याच्या कठड्यावरनं.
'पाय घसरला वो मामा'
भर मे महिन्यात, कोरड्या ठणठणीत फरशीवर.

शिरोलीच्या फौंड्रीतला रावसो :
डाव्या हाताची दोन बोटं,
पाळी सुटायला दहा मिनिटं असताना.
घेतली होती? 'दुपारची. थोडी.
न्हाई घेतली तर हात कापतोय.'
आता घेतली म्हणून बोटं गेली
की न घेता चारही गेली असती?
वहीत चौकोन एकच. टिक केली.
बोटं रुमालात होती,
रुमालाच्या कोपऱ्यात बायकोनं भरलेलं त्याचं नाव.

फुटबॉलच्या फायनलीदिवशी
दोन्ही पेठांची डोकी एका बाकावर.
जिंकलेला, हरलेला, वास एकाच दुकानाचा.
एकानं दुसऱ्याला विचारलं, 'किती झालं रं?'
मला वाटलं गोल.
टाके विचारत होता.

आणि मंगळवारी, पहाटे तीनला दहा कमी,
वैजयंता, वय एकतीस, फुलेवाडी.
भुवई उघडी पडलेली, आतलं पांढरं दिसत होतं.
'मोरीत पडले.'
घेतली होती का, हे तिला विचारताना
माझीच जीभ जड झाली.
केसांना खोबरेल, पदराला लसणाच्या फोडणीचा वास,
रात्रीची, झाकून ठेवलेल्या जेवणाची.
तिची पर्स नि चपला छातीशी धरून तो मागं उभा,
ढसाढसा रडत :
'कितीदा सांगतो मोरीत बल्ब लाव, बल्ब लाव.'
त्याच्या रडण्यानंच अख्खी खोली भरली,
स्पिरिटचाही वास येईना.

वही पेशंटपुरती.
मी लिहिलं : नाही.
मग लाल रेघेच्या अलीकडं, समासात, बारीक अक्षरात :
वास आहे. खोलीत.

माझ्या हनुवटीखाली एक वळ आहे.
दाढी करताना ब्लेड तिथं अडखळतं.
सात वर्षांचा होतो, ह्याच दवाखान्यात,
आई सांगत होती, पायरीवरनं पडला.
तेव्हाच्या ड्रेसरनं एकदा माझ्याकडं पाहिलं,
एकदा दारात उभ्या वडलांकडं,
आणि माझ्या मुठीत लिमलेटची गोळी दिली.
लिहिलं काहीच नाही.

महिनाअखेर मॅडम मोजायला बसल्या.
होय किती, नाही किती, बोटं पानावरून भराभर.
मधेच थांबल्या.
'हे समासातलं काय आहे मामा?'
सांगितलं.
मग पुन्हा पहिल्या पानापासून, फक्त समास.
एकोणीस भरले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पट्टी मागितली, आणि नव्या पानावर
एक रेघ जास्तीची ओढली.

'ह्या रकान्याला नाव काय देऊया?'

समोर टाऊन हॉलच्या झाडांत वटवाघळं कलकलत होती.
मला काही सुचेना. त्यांनाही.
तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली,
दोघं उतरली.
कोण कुणाला धरून चालतंय
ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.