कलिंगड कुठल्या रकान्यात

एकोणीस नंबरचा हिशेब जुळतो.
तोंडावाटे आठशे, लघवी साडेसातशे,
खाली सकाळच्या सिस्टरची सही, सुवाच्य.
काटा मात्र म्हणतो, दोन दिवसांत दोन किलो.
दोन दिवसांत एवढं अंग कुणी धरत नाही, वळवी.
ते पाणी असतं.

रोज सहाला, उपाशीपोटी, त्याच कपड्यात,
त्याच काट्यावर उभं करायचं.
काटा डावीकडे कलतो, म्हणून खाली पुठ्ठा घातलाय मी.
तो कुणी काढायचा नाही.

अंगठा दे इकडे. नडगीवर दाब.
पाच मोज. सोड.
बघ, खळगा तसाच,
कणीक वर यायचं विसरून गेल्यासारखी.
जो पडूनच असतो त्याचे पाय बघून फसू नकोस,
त्याचं पाणी माकडहाडापाशी साचतं,
कूस वळवून बघावं लागतं.
पलंग अर्धा उचल, मानेची शीर बघ.
उशा मोज.
परवा एक होती, काल दोन,
आज वैती काका बसूनच झोपलेत
आणि पाठीमागून, अगदी खाली, नळी लावली तर
कानाशी केस चोळावेत तसा आवाज.

पहिल्या दिवशी हसले होते ते,
आम्ही कोळी, आम्हाला पाणी शिकवता?
तुला आता भरती-ओहोटी म्हणावंसं वाटेल.
म्हणू नकोस.
भरती आपली आपण परत जाते,
तिला लॅसिक्स द्यावं लागत नाही.

समोर, सव्वीसला, उलटं.
मुख्तार चाचा, रे रोडच्या गोदामातले हमाल,
तीन दिवस जुलाब आणि वर मे महिना.
जिभेवर भेगा, ओठांवर पांढरं.
चिमूट हाताच्या पाठीवर घेऊ नकोस, म्हातारी कातडी खोटं बोलते,
गळ्याच्या हाडाखाली घे.
उभीच राहिली ना?
झोपवून बीपी, मग बसवून,
वीसनं घसरलं, नाडी पळतेय.
पिशवीत तासाला बारा मिली,
कडक चहाच्या रंगाचं.
मघापर्यंत बडबडत होते, आता गप्प.
आया म्हणाली, बरं वाटतंय त्यांना.
गप्प झाले
म्हणूनच मी डॉक्टरांना उठवलं.

आमच्या कोकरी आगारला नळ पहाटे साडेचारला येतो,
चाळीस मिनिटं.
हंडा भरत आला की आवाज बारीक होत जातो,
आई अंथरुणातून सांगायची, दोन बोटं उरलीत, बंद कर.
मोजायला तिनं शिकवलं.
कॉलेजनं फक्त रकाने दिले.

चारच्या सुमाराला वैती काकू बेसिनपाशी.
स्टीलचा तीन पुडांचा डबा, तळाला काळ्या बिया.
मी नुसती बघत राहिले.
पानी कवा दिलाय गो बाय,
डाक्टर बोललाय पानी नको.
कलिंगर दिलाय. गरमी किती.

रागवायचं होतं, जमलं नाही.
फोडी किती, एवढंच विचारलं.
सकाळी सहा, दुपारी आठ,
आणि रात्री मोजल्या नाहीत, झोपेत मागत होते.
लाल पेनानं लिहिलं, तोंडावाटेच्या रकान्यात,
कलिंगड, अंदाजे सहाशे,
पुढे प्रश्नचिन्ह.
ते पुसू नकोस. अंदाज लपवला की चार्ट सुंदर दिसतो
आणि माणूस बुडतो.

सहाला काट्यावर पाऊण किलो कमी.
काका म्हणाले, काय गेलं माझं?
काकूंनी डबा पदराखाली घेतला.

सव्वीसला दुसरी बाटली संपत आली होती.
पिशवीत चाळीस, रंग फिका.
मी पट्टा बांधायला हात धरला
तर चाचांनी शिवी दिली,
स्वच्छ, पूर्ण वाक्यात, माझ्या आईसकट.
आया लाजली.
वळवी, पेन घे.
सहा वाजून दहा मिनिटं.
लिही, रुग्ण भानावर.