उसनं भांडं

पवईचं धरण व्हायच्या आधी इथे डोह होता,
डोहात साती आसरा.
लग्न ठरलं की काठावर सुपारी ठेवायची,
सांगायचं, तीनशे पानं उठणार आहेत.
पहाटे परातीच पराती, ओल्या, झळझळीत.
कार्य उरकलं की घासून परत.

कुणीतरी एक पळी ठेवून घेतली.
आमच्यातलाच, असं बेंडूमामा म्हणायचा,
आणि नाव विचारलं की थुंकायचा.

मी जलपर्णी काढायच्या मशीनवर असतो, कंत्राटी.
मंगळवारी पट्ट्यावर पानांसोबत
एक परात वर आली, उपडी.
परातीला मान होती.
जबड्यात गळ, गळाला हातभर नायलॉन,
मागच्या पायात निर्माल्याची दोरी रुतलेली,
मांस तिच्यावरून वाढलेलं.

मुकादम म्हणाला, किती किलो भरेल?
वरच्या गॅलरीतून कुणी ओरडलं, मगर! मगर!
मोबाईल निघाले.

पक्कड लावली. ती फिस्कारली,
माझ्या अंगठ्याचं नख घेऊन गेली.
घे म्हटलं, पळीचं व्याज.

सोडली तेव्हा पाणी हललंसुद्धा नाही.

गळ खिशातच राहिला.
रात्री पँट धुताना बायकोच्या बोटाला लागला.
कुणाचा हा?
म्हटलं, आमच्यातल्याच कुणाचा तरी.